छाछरोचा मुराळी

सुनेला माहेरी न्यायला मुराळी खरोखरच आला, तेव्हा सगळ्यात जास्त दचकली ती त्याला बोलावणारी सासू, राहीबाईच.

दिवाळी होऊन गेली होती. गोरक्षच्या बायकोचं, हंजाचं, सातव्या महिन्यातलं ओटीभरण काढलं होतं आणि बोरुडे वस्तीवर सकाळपासून एकच घोर होता, फुलांचा. माळ्याचं घर आणि ओटीला फुलं नाहीत. विहिरीनं श्रावणातच तळ दाखवला होता, शेवंतीचे वाफे कधीच वाळून गेले होते. शेवटी गोरक्षनं नगरहून येताना फुलांचा पुडा विकत आणला, तोही पिशवीच्या तळाशी दडवून. माळ्याच्या पोरानं फुलं विकत घेतली हे सोनईत कळलं असतं तर लोकांनी दुष्काळ बाजूला ठेवून महिनाभर तेवढंच चघळलं असतं.

दुपार कलली आणि वस्तीच्या वाटेनं एक उंच, वाळका माणूस येताना दिसला. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर बकऱ्याच्या केसांची पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी, हातात तुपाचा डबा. एसटी स्टँडपासून तो ‘गोरख माळी, गोरख माळी’ एवढंच विचारत आला होता. हंजानं त्याला ओसरीवरून पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. मग सासरच्या माणसांसमोर धावायचं नसतं हे आठवून पुन्हा खाली बसली. तो तिचा भाऊ होता, खेतो.

“घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,” झुंबरबाई पदराआड म्हणाली. ही गोरक्षच्या वडलांची, भीमाजींची, थोरली बहीण, नवरा गेल्यापासून दर कार्याला आधी येणारी आणि शेवटी जाणारी. घरात खायला रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, आणि पाहुणा थेट पाकिस्तानातून.

पाकिस्तानातून म्हणायचं की नाही, हाच तर घोळ होता. गेल्या वर्षीच्या लढाईत आपली फौज सिंधच्या वाळवंटात शिरली आणि छाछरो नावाचं गाव तिनं घेतलं. तिथली हिंदू माणसं जीव मुठीत धरून बाडमेरकडं पळाली. त्या छावणीत बोअरिंगचं मशीन दुरुस्त करायला नगरहून गोरक्ष गेला होता. मशीन दुरुस्त झालं आणि गोरक्ष तिकडंच महिनाभर रेंगाळला. तिथं त्याच्या मनात भरलेली मुलगी माळ्याची निघाली, म्हणून भीमाजींनी होकार दिला. हजार मैलांवरचा माळी तो आपला माळी कसा, असं झुंबरबाईनं तेव्हा विचारलं होतं. लग्नानंतर हंजाचे आईबाप छावणीतून उठून पुन्हा आपल्या विहिरीवर राहायला गेले. फौज आपली आहे, मग भ्यायचं कशाला, असा त्यांचा हिशोब होता.

आणि हे मुराळ्याचं बोलावणं राहीबाईनंच धाडलं होतं. भाद्रपदात शेजारची साळूबाई चार बायकांत बोलली होती की वाळूतनं उचलून आणलेली पोर, हिला कोण माहेरी नेतंय बाळंतपणाला. राहीबाई तिथल्या तिथं म्हणाली, “पहिलं बाळंतपन माहेरीच व्हईल. सातव्यात मुराळी येईल, बघशील तू.” मग तिनं गोरक्षच्या ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरकडून निरोप पाठवला. निरोप पोचेल असं तिला वाटलं नव्हतं. साळूबाईचं तोंड बंद झालं, तेवढं पुष्कळ होतं.

ओसरीवर चहा झाला. बायका जमायला अजून वेळ होता. खेतोची भाषा एकट्या गोरक्षला समजत होती, त्यामुळं तो दुभाषा.

भीमाजींनी पाहुण्याला विचारायचा तोच प्रश्न विचारला. “पाऊसपानी काय म्हनतंय तिकडं?”

“एकदाच आला म्हनतो,” गोरक्षनं सांगितलं. “बाजरी उगवली आन् जळाली. गवार हाय थोडी, गुरांना.”

“विहिरी?”

“लई खोल. बैलजोडी दोर वढत टेकाडापलीकडं दिसंनाशी व्हती, तवा पखाल वर येती. त्यांच्या विहिरीचं पानी गोडं हाय. पुढच्या गावचं खारट.”

भीमाजींनी मान हलवली. गोड्या पाण्याची विहीर सोडून माणूस का हलत नाही हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. “मग पोट कशावर चालतं?”

“गाया. तूप इकायचं. आधी ते सिंधच्या बाजाराला जायचं. आता मधी फौज बसली, ती वाट बंद. बाडमेरला नेलं तर येपारी म्हनतो, हे तूप परमुलखाचं, भाव अर्धा. वाईट वर्षी ही मानसं पलीकडं कालव्याच्या मुलखात कापनीला जायची. औंदा ते बी न्हाई.”

थोरला मुलगा राधाकृष्ण सोनईच्या शाळेत मास्तर होता. रोजचा पेपर दुसऱ्या दिवशी का होईना पण पूर्ण वाचणारा घरातला तो एकमेव माणूस, त्यामुळं देशाच्या कारभारातला एक वाटा आपल्याकडं आहे अशी त्याची समजूत होती. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

“हे असं आहे बघा, तात्या. जुलैत दोन्ही सरकारांचा करार झाला. ज्याची जमीन त्याला परत. ह्या वाळवंटाचा तंटाच नाही. पण तिकडं काश्मिरात रेघ कुठून मारायची यावर अडलंय. ती रेघ ठरत नाही तोवर फौज इथनं हलत नाही.”

“म्हंजी बांध तिकडला, आन् अडवलंय हे शेत.”

“तसंच.”

“मग आज घटकेला ती जमीन कुनाची?”

“ताबा आपला. जमीन त्यांची.”

“सातबारा कुनाच्या नावानं?”

“त्यांच्याच. पण त्यांचा तलाठी पळून गेलाय, आणि आपल्याला तिथं कायमचा तलाठी नेमता येत नाही.”

“आन् ही मानसं?” भीमाजींनी खेतोकडं बोट केलं. “मालक न्हाईत, कूळ न्हाईत. मग कोन म्हनायचं?”

याचं उत्तर पेपरात आलेलं नव्हतं. खेतो आपल्याविषयी काही चाललंय हे ओळखून नम्रपणे हसला.

“जमीन कुनाची का असंना,” झुंबरबाई म्हणाली. “पोरगी न्यायला मुराळी आलाय. तेवढं बोला. दारातनं मुराळी रिकामा धाडत न्हाईत.”

“आत्या, तिला धाडली आणि मागनं रेघ ठरली म्हणजे?” राधाकृष्ण म्हणाला. “पुढच्या महिन्यातसुद्धा ठरेल. मग फौज मागं, ती वाट बंद. ही तिकडं अडकायची, आणि पोर जन्मलं तर ते तिकडचंच. पासपोर्ट, व्हिसा. गोरक्षला लेकराचं तोंड दिसायचं नाही.”

झुंबरबाईनं तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारलं. मघापर्यंत ती पाठवायच्या बाजूची होती. “मग बोलावलं कशाला त्याला?” असं म्हणून तिनं सगळा भार राहीबाईवर ढकलला आणि स्वतः मधल्यामध्ये उभी राहिली.

बायको जावी असं गोरक्षला वाटत नव्हतं, पण सासऱ्याच्या हातावर हात ठेवून त्यानं शब्द दिला होता की तुमच्या पोरीला माहेर तुटू देणार नाही. त्यानं खेतोला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. खेतो भरभरून बोलायला लागला.

राहीबाई तेव्हा दारात होती, तांदळाचं ताट घेऊन.

“काय म्हनतोय?” भीमाजींनी विचारलं.

“तो म्हनतो, त्यांच्या वाडीतली निम्मी घरं गाया हाकत बाडमेरकडं निघाली. जमीन परत गेल्यावर तिथं राहायची कुनाची छाती न्हाई. बाप म्हनतो मी विहीर सोडत न्हाई, झेंडा कुनाचा बी लागंना. आईनं मातुर गठुडी बांधली हुती. दिराच्या उंटावर चढवायची तेवढी बाकी हुती.” गोरक्ष थांबला. पुढचं सांगावं की नाही अशा पेचात त्यानं आईकडं पाहिलं. “मग आपला निरोप गेला. सातव्यात मुराळी धाडा म्हनून. आईनं गठुडी सोडली. म्हनली, पोरगी पहिल्या बाळंतपनाला येनार आन् तिला काय तंबूत निजवू? घर पायजे. तिनं कुडाला नवी माती लिंपली म्हनतो.”

खेतोनं हे सगळं कौतुकानं सांगितलं होतं. सासरच्यांनी रीत पाळली, मान दिला, आईला केवढा आनंद झाला, अशा अर्थानं. तो राहीबाईकडं पाहून हात जोडून पुन्हा हसला.

राहीबाई ताट घेऊन तशीच आत वळली. साळूबाईला गप्प करायला ती चार शब्द बोलली होती, आणि त्या चार शब्दांवर एक बाई वाळूत घर लिंपून बसली होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली. ताट चुलीजवळ ठेवलं ते इतक्या जोरात की तांदूळ सांडले.

चांगुणेनं ते उचलले. थोरली सून, राधाकृष्णची बायको. मघाशी मुराळी आल्याची गोष्ट कानावर आली तेव्हा चांगुणेला बरंच वाटलं होतं. गेले सहा महिने घरात हंजाचीच तारीफ होती. हंजा वाटीभर पाण्यात भांडी घासते, हंजा राखेनं हात धुते. चांगुणेनंही वाचवलं असतं पाणी, पण तिच्या वेळी विहीर भरलेली होती. चार महिने ही माहेरी गेली तर आपल्यालाही कुणी नावानं हाक मारेल, असा साधा विचार तिच्या मनात आला होता आणि त्याची तिला लाज वाटली नव्हती.

आता ती हिरव्या बांगड्या घेऊन मागच्या खोलीत गेली. हंजा भिंतीला कान लावल्यासारखी बसली होती. कुडाची भिंत, त्यामुळं कान लावायचीही गरज नव्हती.

“हात दे,” चांगुणा म्हणाली. दोन बांगड्या चढवून झाल्यावर तिनं विचारलं, “तुला जायचंय का गं?”

मुराळी आल्यापासून हे कुणीच विचारलं नव्हतं. हंजानं तिच्याकडं बघितलं.

“जायचंय,” ती म्हणाली. मराठी ती चांगुणेकडूनच शिकली होती, तेव्हा बोलायचीही तिच्यासारखीच. “लई जायचंय. रोज वाटतं. सपनात बी आईच येती.”

“मग बोल की. त्यांचं काय घेऊन बसलीस.”

“मी गेले तर ती तितंच राहील. माझं बाळंतपन होईस्तोवर हलनार न्हाई. मग वाट बंद. आमी दोघी तितं.” तिनं हात पुढं केला, चांगुणेनं तिसरी बांगडी चढवली. “आन् न्हाई गेले तर ती म्हनंल, आज न्हाई, उद्या येईल. बाळ घेऊन येईल. बसंल वाट बघत.”

“मग भावाला सांग, आईला म्हनावं मी येत न्हाई, तूच नीघ.”

“खेतोला खोटं जमत न्हाई आन् खरं बी जमत न्हाई. तो म्हनंल हंजा रडत हुती. की ती अजून घट्ट बसली.” हंजानं पुढच्या बांगडीसाठी हात पुढं केला. मग म्हणाली, “तिला राग आला पायजे.”

“राग?”

“माझ्या मावशीला सासरच्यांनी असंच धाडलं नव्हतं. आई उंटावर बसली आन् गेली. दोन दिवसांची वाट. मावशीच्या सासूला तिच्याच अंगनात उभं करून अशी बोलली, अशी बोलली, की ती बाई नंतर आमच्या गावच्या बाजूला तोंड करून बसत नव्हती.” हंजाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. “समजावून सांगितलं तर आई जागची हलत न्हाई. भांडायला मातुर कुठं बी येती.”

चांगुणेला हसू आवरलं नाही. मग हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे तिच्या ध्यानात आलं. ती उठली आणि सासूला आत घेऊन आली. दार लोटून घेतलं.

“आत्याबाई, ही काय म्हनतीया ते ऐका जरा.”

राहीबाईनं ऐकून घेतलं. हंजाला सासूचं नाव खराब करायचं होतं, आणि तेही सासूलाच विचारून. सोनईत राहीबाईचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. तिच्या दारातून कधी मुराळी रिकामा गेला नव्हता. चांगुणेचा भाऊ ऐन सुगीत आला होता, तरी तिनं त्याच दिवशी लेकराबाळासकट सून धाडली होती. त्याला कारण होतं. तिच्या स्वतःच्या पहिल्या खेपेला तिचा भाऊ घोडेगावहून पायी आला आणि सासूनं, म्हणजे भीमाजींच्या नि झुंबरबाईच्या आईनं, त्याला दारातूनच परत लावला. ते पोर वाचलं नाही. त्या दिवसापासून राहीबाई सासूशी गरजेपुरतंच बोलली, ती मरेपर्यंत.

“गोरक्षला सांगायचं?” तिनं विचारलं.

“नगं,” हंजा म्हणाली. “त्याचं तोंड बघून खेतोला कळंल.”

“आन् तू?”

“मी खाली बघीन.”

राहीबाईनं तिच्या हातातल्या बांगड्या मागंपुढं सारून पाहिल्या, जणू त्या बरोबर बसल्या की नाही एवढंच तिला बघायचं होतं. “पोटातलं लेकरू तुझ्या आईशिवाय जन्माला येईल, ती न्हाई पोचली तर,” ती म्हणाली.

“व्हय,” हंजा म्हणाली.

ओटी रीतसर भरली. बायका जमल्या, नारळ, खण, तांदूळ, विकतच्या शेवंतीचे हार. फुलं कुठली, असं साळूबाईनं विचारलं आणि चांगुणा नवऱ्याचं काही काम आठवल्यासारखी उठून गेली. खेतोनं घोंगडी उलगडली. तिच्यात आईनं पाठवलेली ओढणी होती, लाल कापडावर आरसे भरलेली. ती त्यानं बहिणीच्या डोक्यावर घातली आणि जेवणाच्या पंगतीआधीच उभा राहून हात जोडले.

“सकाळच्या गाडीनं राहुरी स्टेशनावरनं न्यावी म्हनतो,” गोरक्षनं मान खाली घालून सांगितलं. “परवानगी मागतोय.”

सगळ्या बायका राहीबाईकडं वळल्या. साळूबाई तर जरा पुढं सरकूनच बसली.

“न्हाई धाडत,” राहीबाई म्हणाली.

ओसरीवर राधाकृष्ण हायसं वाटून काही बोलणार होता. तो आईचा आवाज ऐकून थांबला.

“बाई, म्हंजी आत्ता न्हाई असं सांगू ना?” गोरक्षनं आईला विचारलं.

“आत्ता न्हाई आन् कधीच न्हाई. सांग त्याला. सून आमी कामाला आनली, माहेरी लोळायला न्हाई. दुष्काळात खानारी तोंडं आमाला काय कमी हैत का, का म्हनून हिच्या माहेरच्यांचे लाड पुरवू आमी? ओढणी घेऊन आलाय. आरशे चाटायचेत का?”

“बाई.”

“सांग.”

“मी न्हाई सांगनार,” गोरक्ष म्हणाला. त्याचा चेहरा काळवंडला होता. तीस वर्षांत आईला असं बोलताना त्यानं ऐकलं नव्हतं.

तेव्हा राहीबाई स्वतः खेतोपुढं जाऊन उभी राहिली आणि मनमाडच्या बाजारात ऐकलेली होती तेवढ्या हिंदीत बोलली. “न्हाई भेजती. समजा? तेरी मां को बोल. सास न्हाई भेजती. जा.”

खेतोचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आपण ऐकलं ते बरोबर आहे ना अशी खात्री करत. त्यानं बहिणीकडं बघितलं. हंजा जमिनीकडं पाहत होती, आरशांची ओढणी डोळ्यांवर ओढलेली. तो तिला तिच्या नावानं दोनदा हाक मारून थांबला. मग त्यानं घोंगडी गुंडाळली.

“राही,” झुंबरबाई उठून उभी राहिली. “माझ्या आईनं तुझ्या भावाला केलं, तेच केलंस तू. मला वाटलं हुतं हे घर त्यातनं सुटलं.”

राहीबाईला हे लागलं. सगळ्यांत जास्त हेच लागलं, कारण झुंबरबाई खरं बोलत होती असं तिलाही त्या क्षणी वाटलं.

“अवं, जेवून तरी जाऊ द्या,” भीमाजी म्हणाले. खेतोनं मान हलवली. त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा हातात घेतला नाही. अंगणाच्या कडेला जाऊन तो वळला आणि राहीबाईकडं बोट करून काहीतरी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण बायका मागं सरल्या.

“काय म्हनला?” साळूबाईनं विचारलं.

गोरक्षनं आईकडं न बघता सांगितलं. “म्हनतो, आई येईल आता. स्वतः येईल. तिला तोंड दाखवा मग.”

“येऊ दे की,” राहीबाई म्हणाली. “आमी काय भितो व्हय.”

खेतो वाटेला लागला. गोरक्ष त्याच्यामागं स्टँडपर्यंत गेला आणि दोघं एकमेकांपासून अंतर ठेवून चालत होते. बायका जेवल्या, कमी बोलल्या आणि लवकर उठल्या. सोनईत पोचेपर्यंत त्यांना बोलायला पुष्कळ होतं.

दिवेलागणीला राहीबाई मागच्या खोलीत गेली. चांगुणा हंजाच्या पायाला तेल लावत होती आणि हंजा रडत होती, आवाज न करता, बराच वेळ रडत असावी. राहीबाई तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली.

“लई भांडती का गं तुझी आई?” तिनं विचारलं.

“लई,” हंजा म्हणाली.

“शिव्या बी देती?”

“देती.”

“मग येईल,” राहीबाई म्हणाली, आणि हंजाचा दुसरा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला.